नॉर्वेच्या आजींचे केस

दुबईशेजारच्या शारजात, हमरिया फ्री झोनमध्ये जहाजांचे पंप दुरुस्त करणारी एक नॉर्वेजियन कंपनी होती, तिथे मी सेक्रेटरी होते. माझे साहेब नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारी गावातले. पन्नाशी उलटलेले, एकटे राहणारे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला नावानं हाक मार. आमच्याकडे झाडलोट करणाराही मालकाला नावानं बोलावतो." मला ते काही जमलं नाही. मी 'सर'च म्हणत राहिले. दुपारी ते पावाचे काप खायचे, त्यांवर तपकिरी गोडसर चीज आणि मध्ये कागद, काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. माझ्या डब्यातलं भरलं वांगं मात्र आवडीनं घ्यायचे.

सन दोन हजारच्या जानेवारीत एका सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"आमच्या पंतप्रधानांनी नववर्षाच्या भाषणात माफी मागितली."

"कोणाची?"

"माझ्यासारख्यांची."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पंपाचा बिघाड सांगावा तशा आवाजात. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. त्यांची आई जर्मन छावणीच्या लाँड्रीत कामाला होती. तिथल्या एका सैनिकाशी तिचं जुळलं, आणि हे जन्मले. सैनिक पुढे दुसऱ्या आघाडीवर गेला, त्याचा पत्ता लागला नाही. युद्ध संपलं तेव्हा गावच्या लोकांनी आईला ओढत धक्क्यावर नेलं आणि सगळ्यांसमोर तिचे केस भादरले. त्यात शाळेत तिच्याच वर्गात शिकलेली मुलंही होती. आई स्वीडनला निघून गेली, ती परत आली नाही. हे आजीकडे वाढले. शाळेत पोरं 'जर्मनाचं पिल्लू' म्हणायची, मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मिसरूड फुटायच्या आधीच ते जहाजावर चढले. आईशी संबंध नाताळच्या कार्डापुरता.

"आईंना फोन केलात?" मी विचारलं.

"काय बोलू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच. बातमीपासून सुरुवात करा."

ते केबिनमध्ये गेले. काचेतून मला दिसत होतं, ते बोलत कमी होते, ऐकत जास्त. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"ती म्हणाली, त्यांनी फार उशीर केला. आणि मग म्हणाली, तूही."

त्याच वर्षी हिवाळ्यात त्यांनी आईला दुबईला बोलावून घेतलं. उंच, ताठ बाई. पांढरे केस कानाखाली वेडेवाकडे कापलेले. साहेब कामावर जाताना त्यांना बर दुबई भागातल्या आमच्या घरी सोडायचे. इंग्रजी मोडकंतोडकं, पण माझ्या सासूबाईंशी त्यांचं छान जमलं. दोघी हिंदी मालिका बघायच्या, दोघींनाही पूर्ण कळायच्या नाहीत. माझी लेक त्यांना 'ग्रँडमा' म्हणायची, आम्ही 'आजी'.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी सासूबाई गॅलरीत लेकीच्या केसांना तेल लावत होत्या. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःची बोटं पुढे केली. सांधे सुजून वाकडे झालेले.

"कात्री धरता येत नाही आता," त्या मला म्हणाल्या. "तू कापशील?"

"खाली चांगलं पार्लर आहे. मी घेऊन जाते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्या दिवसानंतर माझ्या डोक्याला मी कोणालाच हात लावू दिला नाही. आजवर मीच कापत आले."

साहेबही जेवायला आलेले, आत सोफ्यावर बसले होते, तेही उठून आले. त्यांना हे माहीत नव्हतं.

मी कात्री आणली. सासूबाई मराठीतच म्हणाल्या, "हळू कर गं. दुखवू नकोस त्यांना." पहिल्या कापाला आजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. साहेब समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि नॉर्वेजियनमध्ये काहीतरी बोलत राहिले. मला शब्द कळले नाहीत. हळूहळू आजींची पकड सैल झाली. शेवटी मी आरसा दिला, तर म्हणाल्या, "डावीकडे जास्त गेले."

"ममा, इट्स ट्रू," लेक म्हणाली. मग उजवीकडचे थोडे आणखी कापले.

मार्चमध्ये आजी स्वीडनला परतल्या. पुढे दर उन्हाळ्यात साहेब सुट्टी घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. आजी गेल्या तेव्हाही ते तिथेच होते. दफन नॉर्वेतल्या गावी करायचं का, असं नातेवाइकांनी विचारलं. साहेब म्हणाले, जिथे ती सुखानं राहिली तिथेच. मला ते त्यांनी फोनवर सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात कामावर हजर झाले.