काचवाल्यांच्या सासूबाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी काचा बसवून देणाऱ्या गृहस्थांचे छोटेसे दुकान आहे. त्यांना सारे ‘काचवाले’ म्हणतात. बेताची उंची, बोटांवर जुन्या जखमांच्या बारीक पांढऱ्या रेघा, कानामागे खुणा करावयाची पेन्सिल आणि सदऱ्याच्या खिशात सिलिकॉनची नळी. कोठे फट दिसली की या माणसाला चैन पडत नाही. मी शेजारच्या वाचनालयाचा मानद चिटणीस. ते वर्तमानपत्र चाळावयास येत, आणि बोलता बोलता त्यांचे बोट खिडकीच्या कडेवरून फिरू लागे. “इथून वारा येतोय, चिटणीस,” असे म्हणून ते नळी काढीत आणि काम उरकूनच खुर्चीवर टेकत. आमच्या खिडक्या वादळातही ब्र काढीत नाहीत, याचे संपूर्ण श्रेय त्यांचे.

इतक्या नीटनेटक्या माणसाने आपली पिकअप मात्र कशी निवडावी, याचे मला नवल वाटे. आधी किती मालकांनी ती वापरली होती हे खुद्द त्यांनाही ठाऊक नव्हते. काचवाल्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, या गाडीला ‘सासूबाई’ म्हणत. खऱ्या सासूबाईंचा सहवास त्यांना लाभला नव्हता; त्यामुळे ती जागा रिकामी होती.

“एक दुखणं बरं झालं की दुसरं काढतात,” वहिनी सांगत. “औषधपाणी आमच्याकडून, आणि कौतुक म्हणाल तर शून्य.”

वहिनींच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. काचेच्या वजनाने मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले, ते बदलले. तोवर क्लच प्लेट झिजली. क्लच झाला, तेव्हा सायलेन्सर रस्त्यात गळून पडला. पायाखालचा पत्रा गंजून त्यातून रस्ता दिसू लागला, तेव्हा काचवाल्यांनी नवा तुकडा बसवून कडा सिलिकॉनने इतक्या सुबक बंद केल्या की जणू ती दुकानाची दर्शनी काच असावी. हँडब्रेकवर विसंबता येत नसे, म्हणून एक दगड त्या गाडीतला कायमचा प्रवासी होता. पेट्रोलचा काटा ‘टाकी भरलेली’ येथेच अडकलेला. खरी स्थिती पाहण्यासाठी झाकण उघडून आत काठी बुडवावी लागे. शिवाय टायर, बॅटरी, विमा आणि दर वर्षीची तपासणी. वहिनींच्या बाजूच्या खिडकीची काच खाली करावयाची मूठ मात्र तुटली ती तुटलीच. मोठ्या दुखण्यांच्या गर्दीत तिची पाळी कधी आलीच नाही. त्यामुळे आत शिरलेला पेट्रोलचा वास आतच कोंडून राही, आणि वहिनी नाकाला पदर लावून बसत. त्यांनी त्यावरून एकदा बरेच सुनावले, तेव्हा “करतो बंदोबस्त,” असे काचवाले म्हणाले, आणि वास खरोखरच थांबला.

त्यानंतर सासूबाईंनी नवेच आजारपण काढले. थोडे अंतर नीट जावयाचे आणि मग आचके देत बंद पडावयाचे. गॅरेजच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला, प्लग आणि कॉइलही सोडली नाही. गुण येईना. काचवाल्यांनी मग स्वतःचा उपाय शोधला. गाडी थांबली की ते खाली उतरत, कोठेतरी चहा घेत, परत येऊन काठीने पेट्रोल पाहत आणि किल्ली फिरवीत. गाडी निमूटपणे सुरू होई.

“वय झालंय तिचं. दम लागतो,” ते समजावीत.

“आणि आम्ही काय कोवळे आहोत?” वहिनी विचारीत.

शेवटी वहिनींनी निर्वाणीचे सांगितले. त्यांच्या भावाचे काचांचे मोठे दालन होते. तेथे काचवाल्यांना नोकरी तयार होती. मेव्हण्याच्या हाताखाली, गणवेष घालून! काचवाल्यांना त्या कल्पनेनेच घास गोड लागेना. परंतु गाडी नसेल तर मोठी काच पोहोचविता येणार नाही, आणि मोठ्या कामांवाचून दुकान चालणार नाही, हे उघड होते. अखेर तडजोड झाली. वाचनालयाच्या वाचनकक्षाची मोठी काच त्याच आठवड्यात बसवावयाची होती. ती नेताना गाडी वाटेत बंद पडली, तर त्याच दिवशी ती भंगारात जाईल. भंगारवाल्यास तसा निरोपही गेला.

काच वखारीतून आणावयाची होती आणि वाटेत लांब चढ होता. काचेला हात लावण्यास काचवाले दुसऱ्या कोणास देत नसत. ते स्वतः मागे, काच उभी टेकवावयाच्या लाकडी घोडीशेजारी उभे राहिले. गाडी वहिनींनी हाकली. वाचनालयाचा प्रतिनिधी या नात्याने मी त्यांच्या शेजारी बसलो. खिडकी उघडण्यास हात नेला, तो मुठीऐवजी नुसता खुंट हाताला लागला.

चढ अर्धा संपला आणि गाडीने पहिला आचका दिला. पुढे आणखी दोन आचके, आणि मग शांतता. वहिनी ब्रेक दाबून बसल्या. मी लगबगीने उतरून चाकाखाली दगड सरकविला आणि निसटू नये म्हणून तो धरून वाकून राहिलो.

“अगं, थांब जरा! तिला दम खाऊ दे,” काचेला कवटाळून काचवाले वरून म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

“दम खाऊ दे? तुम्ही काच धरून उभे, चिटणीसकाका दगड धरून ओणवे. मी तेवढी चहा पिऊन येऊ का? पेट्रोल तरी आहे का आत?”

“काठी सीटखाली आहे.”

वहिनींनी काठी काढली आणि टाकीचे झाकण फिरविले. तोच लांबलचक ‘फुस्स’ असा आवाज आला, जणू कोणीतरी पाण्याखालून वर येऊन श्वास घेतला.

“अहो, ही श्वास घेतेय!”

त्या काठी विसरल्या, झाकण तसेच सैल ठेवून आत बसल्या आणि किल्ली फिरविली. विश्रांती नाही, चहा नाही, तरी सासूबाई पहिल्याच हाकेला ओ देत्या झाल्या. वहिनी पुन्हा खाली उतरल्या. झाकण काढून उलटे करून पाहिले. आत मधोमध एक पारदर्शक, अतिशय रेखीव ठिपका होता.

“हे काय?”

“सिलिकॉन,” काचवाले हळूच म्हणाले.

“कुणी लावलं?”

या प्रश्नाचे उत्तर देणारा एकच मनुष्य तेथे होता, आणि त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.

“तूच म्हणालीस ना, वास येतो म्हणून? झाकणाला बारीक भोक होतं. बुजवलं मी.”

“ते भोक कशाला ठेवलं असेल, असा विचार नाही आला मनात?”

“भोक दिसल्यावर विचार कसला करायचा?”

टाकीतून पेट्रोल जसजसे बाहेर जाते, तसतशी त्या भोकातून हवा आत यावी लागते; नाहीतर टाकी पेट्रोल धरून ठेवते आणि इंजिन उपाशी राहते. काठी बुडविण्यासाठी झाकण उघडले की हवा आत जाई, आणि काचवाल्यांना वाटे की गाडीला विश्रांती मानवली. वहिनींनी केसांतला आकडा काढून तो ठिपका खरवडला, झाकण घट्ट लावले, आणि गाडी चढ चढून थेट वाचनालयाच्या दारात उभी केली. काच सुखरूप बसली. काचवाल्यांनी कडा बंद केल्या खऱ्या, पण नेहमीसारखे गुणगुणले नाहीत.

आम्ही परतलो, तेव्हा दुकानाच्या पायरीवर भंगारवाला बसला होता. “काय, पडली का बंद?” त्याने विचारले.

काचवाल्यांनी किल्ली काढून पत्नीपुढे धरली. “पडली. ठरलं ते ठरलं. तुझ्या भावाला गणवेषाचं माप कळव.”

वहिनींनी किल्ली घेतली आणि कमरेला खोचली.

“गाडी बंद पडली नाही, तुम्ही बंद पाडलीत. ठरलं होतं ते गाडीचं. नवऱ्याला भंगारात घालायचं कुठं ठरलं होतं?”

“नवऱ्याला भाव पण येत नाही, वहिनी,” भंगारवाला गंभीरपणे म्हणाला.

काचवाल्यांचा चेहरा असा उजळला की मलाच संकोच वाटला. भंगारवाल्याची फेरी मात्र फुकट जाऊ दिली नाही. विनाकारण काढून टाकलेला चांगला पंप, कॉइल आणि प्लग त्याच्या गाडीत चढले. बदल्यात वहिनींनी त्याच्या सुट्या भागांच्या डब्यात हात घालून, बरीच शोधाशोध करून एक वस्तू उचलली. ती खिडकीची मूठ होती.

आता पेट्रोलचा वास पुन्हा येतो. पण वहिनी काच पूर्ण खाली करून, कोपर बाहेर टेकवून बसतात. शेजारी काचवाले गाडी चालवितात. एवढी मोठी फट इतक्या जवळ उघडी असलेली त्यांना सोसत नाही, म्हणून ते नजर काटेकोरपणे रस्त्यावर ठेवतात.