शेवटचा अर्धा तास

पूर्वी सिनेमा पाकिटातून यायचा असं नातीला सांगितलं, तर ती माझ्याकडे अशी बघते जणू मी बैलगाडीनं विमानतळावर जायचे म्हणून सांगतेय. पण यायचा. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. कॉम्प्युटरवर हव्या त्या सिनेमांची यादी भरून ठेवायची, की एक कंपनी पुण्याहून कुरिअरनं दोन-दोन सीडी पाठवायची. बघून झाल्या की त्याच पाकिटात घालून परत करायच्या, मग यादीतले पुढचे दोन यायचे. खरं तर त्या डीव्हीडी, पण आमच्या कॉलनीत सगळे सीडीच म्हणायचे. मी सोडून. मी ‘डीव्हीडी’ म्हणायचे, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, शुद्धलेखन घातल्यासारखं.

अशी होते मी. शाळेत बाई, फळ्यावरच्या अक्षरासाठी नावाजलेली आणि स्वतःवर बेहद्द खूश. पुस्तकांना तर घालायचेच, पण टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिकचं कव्हर घालायचे. ह्यांना चष्मा घडी करून ठेवता येत नाही, यावर मी अर्धा तास बोलू शकत असे आणि बोलतही असे. त्या बाईनं त्या वर्षी जे केलं ते लिहायला घेतलंय. तिची बाजू घेणारं कुणी असेल तर त्यानं आत्ताच पान उलटावं.

आमचं घर चिकलठाण्याच्या अंगाला, कारण ह्यांचा कारखाना तिकडंच. शेजारी आपा राहायच्या. त्यांच्या मालकांचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं, आणि आपा घरी बसून ब्लाऊज शिवायच्या. लग्नाचं, जरीचं, अवघड गळ्याचं काम असलं की बायका लांबलांबून त्यांच्याकडे यायच्या. आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून आम्ही दोघींनी किती तास घालवले असतील, देव जाणे. मला त्या काळात बहिणीपेक्षा जवळचं कुणी असेल तर त्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं मी जे पणाला लावलं ते हेच होतं.

कुरिअरवाला दुपारी यायचा आणि मी शाळेत असायचे, म्हणून पाकीट आपा घ्यायच्या. दुपारी हुकं-बटणं लावता लावता त्या आपल्या प्लेअरवर सिनेमा बघून टाकायच्या आणि संध्याकाळी पाकीट भिंतीवरून माझ्याकडे यायचं. मी रविवारी बघायचे.

सीडी बिघडू लागल्या त्या माझ्याकडे. दीड-दोन तास सगळं सुरळीत चालायचं. शेवटचा अर्धा तास आला की नायकाच्या तोंडाच्या चौकटी-चौकटी व्हायच्या, मोरीच्या फरशीसारख्या. मग आवाज उचकी लागल्यासारखा तुटायचा, आणि मग सगळंच थिजायचं. खून कुणी केला ते सांगायला इन्स्पेक्टरनं तोंड उघडलंय, आणि ते उघडंच.

मी काय काय केलं नसेल! टूथपेस्ट लावली. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. ह्यांचा दाढीचा फेस फासला. घासायचं तेही गोल गोल आणि जोर लावून, तांब्या घासतात तसं. वर ह्यांना म्हणायचे, “बघा, कशी लख्ख झाली.” लख्ख व्हायची. चालायची नाही.

मग सोमवारी भिंतीपाशी जायचं.

“आपा, तो वकील शेवटी मेला का हो?”

“मरतोय कुठला! पोरीचं लग्न लावून दिलं आणि स्वतः तीर्थाला गेला.”

“आणि त्याची बायको?”

“ती तर पहिल्यापासून मिळालेली होती ना बाई! तुम्ही बघता तरी काय?”

आपांचे शेवट झकास असायचे. काही त्यांनी जागच्या जागी रचले असावेत असा मला आता दाट संशय आहे, कारण एकदा एका सिनेमातला मेलेला माणूस त्यांनी दुसऱ्या सिनेमात नेऊन जिवंत केला होता. मला चालत होतं. खरं म्हणजे तो आठवड्यातला सगळ्यात चांगला सिनेमा असायचा.

पण माझ्या डोक्याला स्वस्थ बसवत नव्हतं. एके दिवशी मी विचारलं, “तुमच्याकडे अडकत नाही?”

“नाय ओ. हमारे घर तो मक्खन सरीकी चली.”

झालं. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाईला सिद्धता सापडली. आपांकडे जाते तेव्हा सीडी चांगली असते. आपांकडून येते तेव्हा खराब असते. म्हणजे खराब कोण करतं? आपांच्या घरी सुया, टाचण्या, कात्र्या, जरीचे तुकडे. माझ्या घरी रिमोटलासुद्धा कव्हर. अशा अक्कलवान बाईच्या हाताखाली चाळीस-चाळीस मुलं भूमिती शिकली, त्यांच्यातल्या काहींनी पुढं इमारतीही बांधल्या असतील. मी त्या इमारतींत जात नाही.

तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. मग मी काय केलं? कागद लिहिला. वळणदार, टपोऱ्या अक्षरात, समासासकट. वर ‘सूचना’ असं शीर्षक. डीव्हीडी शिवणकामाजवळ ठेवू नये. कडेला धरावी. वापरून लगेच पाकिटात घालावी. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत: ‘डीव्हीडी हातात घेण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.’

ज्या बाईच्या हातून पांढऱ्या रेशमावर कधी डाग पडला नाही, तिला मी हे लिहून दिलं. आणि शेजारी आमच्यातली कुणी बाई असती, तर तिला मी हीच ओळ लिहिली असती का? नसती. त्या ओळीत काय काय भरलेलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायला आज सोयीचं आहे. मला कळत होतं. म्हणूनच ती पहिली होती.

ह्यांनी कागद वाचला. “हे देऊ नको,” एवढंच म्हणाले.

मी दिला.

आपांनी भिंतीपाशी उभ्या उभ्या वाचला, नीट घडी केली, ब्लाऊजात खोवला. म्हणाल्या, “अक्षर लई सुंदर आहे बाई तुमचं.” आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून आमची पाकिटं परत जाऊ लागली. कुरिअरवाल्याला आपा सांगायच्या, “बाई घरी नाहीत.” खोटं काय होतं त्यात? भिंतीवर कोपरही दिसेना. शिलाई मशीनची खडखड तेवढी ऐकू यायची. आणि मी, धन्य माझी, माझं खरं ठरल्याच्या थाटात होते. अपराधी माणसं अशीच तोंड लपवतात, असं मी ह्यांना समजावून सांगितलं.

एका शनिवारी मी शाळेतून लवकर येऊन दारातच बसले आणि पाकीट स्वतःच्या हातानं घेतलं. आपांचं बोटसुद्धा लागलेलं नाही. रविवारी लावलं. शेवटचा अर्धा तास आला, आणि नायिकेच्या तोंडाची मोरी झाली.

आता तरी डोक्यात उजेड पडावा की नाही? मी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. ‘आपले अन्य सभासद डीव्हीडी कशा अवस्थेत परत करतात याकडे आपले लक्ष नाही’ वगैरे. म्हणजे आता शेजार सोडून सगळा महाराष्ट्र अस्वच्छ. कंपनीचं उत्तर चार ओळींचं आलं. तुमच्याकडून परत आलेल्या सगळ्या सीडींवर एकाच जागी गोल चरा आहे, असे चरे हातानं पडत नाहीत, मशीन पडताळून घ्या, नाहीतर सभासदत्व थांबवावं लागेल.

“दाखवून घे एकदा,” हे म्हणाले.

“आपल्या मशीनला काय झालंय? दसऱ्याला आणलंय, रीतसर पूजा करून लावलंय.”

“म्हणूनच म्हणतो.” हे हसले.

हे का हसले ते मला औरंगपुऱ्यात कळलं. टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर मांडीवर घेऊन मी रिक्षानं तिथल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले. माझ्याहून वयानं मोठा माणूस. त्यानं चार स्क्रू काढले, झाकण उचललं, डोळ्याशी भिंग धरलं आणि चिमट्यानं काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला. मग आणखी दोन. एक तर कुंकवाच्या चिखलानं आत असा घट्ट बसला होता की फिरणाऱ्या सीडीला बरोब्बर कडेपाशी घासावा, जिथं सिनेमाचा शेवट असतो तिथंच.

“लग्न लावलं का काय बाई मशीनचं?”

नवी वस्तू आली की हळद-कुंकू लावून अक्षता वाहायच्या, हे आमच्याकडे सगळेच करतात. वरून करतात. मी ट्रे उघडून आत केलं होतं. वरवरची पूजा मला कशी चालणार!

घरी आले ती सरळ आपांच्या दारात गेले. रिक्षात वाक्यं जुळवली होती, ती सगळी उंबऱ्यापाशी गळली.

“आपा, मशीन खराब निघालं.”

“अच्छा.” शिलाई मशीनवर पाय चालूच.

“त्यानंच चरे पडत होते.”

“मशीन कुणी खराब केलं?”

“मी.”

मग त्यांनी पाय थांबवला. मी अक्षतांचं सांगितलं. कागदाचं सांगितलं. पहिल्या ओळीपाशी अडखळले, पण तीही म्हणून दाखवली आणि चुकलं म्हणाले. आपा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दोरा दातानं तोडला.

“त्या शनिवारी दारात बसून घेतला, तो सिनेमा बघितला?”

“अर्धा तास राहिला. तुम्हाला माहितीये का तो, पुढं काय होतं?”

“आता मशीन नीट झालं ना? तुम्हीच बघा.”

दोन महिने गेले. मग एका सकाळी आपा साखर मागायला आल्या. त्यांच्या घरात साखर होती हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. मी हातातलं टाकून “या, या” करत पुढं धावले, तर त्या मला वळसा घालून मोरीकडे गेल्या. नळ सोडला, साबण घेतला, दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. मग बाहेर येऊन ओले हात पुढं धरून म्हणाल्या, “हं, आता द्या वाटी.”

तेव्हापासून आजतागायत. कंपनी बंद पडली, प्लेअर भंगारात गेला, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, रोज दुपारी एकीच्या नाहीतर दुसरीच्या घरी चहा असतो. माझ्याकडे चहा असला की आपा आधी मोरीत जातात. मी शंभरदा म्हटलं, “आपा, बस करा ओ आता.” त्या म्हणतात, “का? लिहून दिलंय तुम्ही.” हसतात, पण धुतात. आणि मी टॉवेल घेऊन दारात उभी राहते.