साक्षीचं पाणी

"पी," मॅनेजर म्हणाला.

हातात पेला दिला. माझाच पेला. आमच्या वस्तीच्या दोघातिघांचे पेले कारखान्यात वेगळे असत, मागच्या फळीवर पालथे घातलेले. नागपूरहून तपासणीला आलेले साहेब नाकाला रुमाल लावून उभे. कारखान्याचा पाइप नाल्यात पडतो तिथे मी पेला धरला, भरला, घटाघटा प्यायलो. रिकामा करून दाखवला.

"याला काही होणार नाही ना हो?" साहेबांनी विचारलं.

"यांना काय होतंय साहेब! मेलेली ढोरं पचवणारी जात. हे तर पाणी आहे."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वर्धा जिल्ह्यात, आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला, सूत रंगवायचा कारखाना आला होता. मागास भागात उद्योग आला म्हणून हारतुरे झाले. मी मॅट्रिक झालेलो. मला काम मिळालं हौदावर. दिवसभराचं रंगाचं, सोड्याचं पाणी हौदात जमायचं. संध्याकाळी कॉक उघडून ते नाल्यात सोडायचं. तपासणी असली की हौदाचा कॉक बंद, आणि त्याच पाइपातून कारखान्याच्या विहिरीचं पाणी सोडायचं. तेही मीच करायचो. म्हणून तर बिनघोर प्यायलो.

नाल्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. गावची विहीर तेव्हाही आम्हाला बंदच. बायका नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा करायच्या, पाणी झिरपायची वाट बघायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. याला आम्ही झिरा म्हणतो. वाळू सगळं गाळून घेते, असा आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा. कारखाना आल्यावर नाला निळा झाला, पण झिऱ्याचं पाणी दिसायला नितळच. चव मात्र तुरट. हाताला खाज सुटायची. म्हणून माय आणि बाकीच्या बायका पिण्यापुरतं पाणी लांबच्या मळ्यातून, मिनतवाऱ्या करून आणायच्या.

त्या दिवशी माझ्याआधी बातमी घरी पोचली. आपला पोरगा साहेबासमोर कारखान्याचं पाणी प्यायला, त्याला काही झालं नाही. वस्तीनं मळ्यातलं पाणी सोडलं. सगळे झिऱ्याचंच प्यायला लागले. माझी रात्रपाळी-दिवसपाळी चालू होती, मला पत्ताच नाही.

आठ-दहा दिवसांनी भावाच्या तीन वर्षांच्या पोरीचं तोंड आलं. घास घेईना. ओकाऱ्या काढायची. माय तिला मांडीवर घेऊन बसलेली.

"तू पेला म्हून मी तिले पाजलं," माय म्हणाली.

मी म्हटलं, "माय, थे विहिरीचं पानी होतं."

मायनं पोरीच्या तोंडावरून पदर फिरवला. मग एवढंच म्हणाली, "मंग हासला काऊन?"

मी हसल्याचं कोणी सांगितलं होतं तिला, कोण जाणे. पोरगी वाचली. पण महिनाभर तिला पाणी पाजताना ती तोंड फिरवायची.

पुढच्या तपासणीला तेच साहेब. तोच पेला. साहेबांनी पाइपाखाली नमुन्याची बाटली भरून घेतलेली.

"पी."

"नाई पेत."

मॅनेजरला वाटलं, मस्करी आहे. मी साहेबांकडे वळलो. "हे विहिरीचं पानी हाय सायब. खरा कॉक त्या भिंतीमागं हाय. चाला."

"नोकरी जड झाली का बे?" मॅनेजर ओरडला.

मी गेलो आणि हौदाचा कॉक पूर्ण फिरवला. काळंनिळं, वाफाळतं पाणी फेसासकट नाल्यात कोसळलं. साहेबांच्या बुटांवर उडालं. "आता भरा बाटली," मी म्हटलं.

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. बाटलीचं बूच घट्ट केलं. आत मघाचंच विहिरीचं पाणी होतं. जीपमध्ये बसले, गेले.

मला त्याच दिवशी काढलं. घरी जाऊन मी दार वाजवत फिरलो. माझं खोटं एकेका उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. काही बायांनी शिव्या दिल्या. खाल्ल्या. माझ्याच होत्या त्या.

आठवड्यानं मॅनेजरचा माणूस आला. झालं गेलं विसर, पगार वाढवतो, तोंड बंद ठेव. वस्ती बघत होती. मी दारातच उभा राहिलो.

"तुह्या सायबाले सांग. सोमवारपर्यंत हौदाचं पानी थांबलं नाई, त पाइप आमी गोट्यायनं बुजवतो. पोलीस पाठवायचे त पाठवजो. पैला गोटा माहा राहीन."