दावणीमामा

आमच्या पतसंस्थेतले फोन कधी चालू किंवा बंद नसायचे. ते एकतर दावणीला असायचे, नाहीतर सुटलेले. ही भाषा बिरादारमामांची. मामा मूळचे देवणीचे, घरी गाईगुरं. लातूरच्या मुख्य कार्यालयात सर्व्हर आला आणि सगळ्या शाखांचे इंटरनेटवरचे फोन त्याला जोडून सांभाळायचं काम मामांकडे आलं, तेव्हा त्यांनी ते गोठ्यासारखंच हाती घेतलं. सकाळी पडद्यावर एकेका शाखेपुढे हिरवा ठिपका उमटला, की मामा मोठ्यानं म्हणायचे, "माहूर आलं. जळकोट आलं. नांदेडचं एक अजून मोकाट हाय!" ते मोकाट बहुधा माझ्याच टेबलावरचं असे. आम्ही त्यांना दावणीमामा म्हणायचो, आणि त्यांना ते आवडायचं.

सर्व्हरचा मोठा फायदा म्हणजे लातुरात बसून कुठल्याही शाखेतला फोन नीट करता येतो. मामा तो करायचेही, आणि मग पिशवी काखेत मारून त्या शाखेची बस धरायचे. साहेब वैतागायचे.

"इथून झालं ना काम? मग कशाला जाता?"

"फोन झाला, सायब. पण तिथला क्याशियर भिऊन वायरच काढून ठेवतोय. त्याला इथून कसं सरळ करू?"

नांदेडला आले, की माझा रिसीव्हर कानाला लावून बघत, फोनला एक थाप मारत. मग चहा, मग माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी, आणि शेवटची बस चुकवून आमच्याकडे मुक्काम.

मामा अडचणीत सापडले ते सुमनताईंमुळे. सुमनताई मुख्य कार्यालयातल्या टेलिफोन ऑपरेटर. साहेबांनी ठरवलं, आता बाहेरचा फोन यंत्रानंच उचलायचा. कर्जासाठी एक दाबा, ठेवींसाठी दोन दाबा. आवाज ताईंचाच घेतला, मामांनी तो सर्व्हरवर चढवला. ताईंनी हौसेनं नवी साडी नेसून येऊन रेकॉर्डिंग केलं. त्यानंतर साहेब मामांना म्हणाले, "आवाज मिळाला. आता बाईंना सांगा, पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

ताईंच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं. मामांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. यंत्र सुरू झालं त्या सकाळी मात्र ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सायब, कसं चालायलंय ते ऐका तरी," म्हणून येणारे फोन त्यांनी साहेबांच्या टेबलावरच्या स्पीकरवर सोडले.

पहिला एक म्हातारा खातेदार. "ताई, तब्येत बरी हाय न्हवं?"

"कर्जासाठी एक दाबा," ताईंचा आवाज म्हणाला.

"आवो, कर्ज फेडलं की मी! पुन्हा कशाला मागं लागलाव?"

साहेबांना हसू आलं. दुसरा फोन आला, आणि त्यांचं हसू गेलं. जळकोटहून त्यांची आई बोलत होती. "सुमन, आमच्या बाप्याला दे गं. मोबाइल उचलंना गेलाय."

"ठेवींसाठी दोन दाबा."

"काय दाबू, माय? सांधे दुखायलेत. जरा बोल की नीट."

"पुन्हा ऐकण्यासाठी शून्य दाबा."

म्हातारीचा आवाज कापरा झाला. "रोज किती गोड बोलायचीस. आज तू बी माझ्यावर रुसलीस का?"

साहेबांनी झडप घालून रिसीव्हर उचलला. "आई, मी बोलतोय."

"तू? तू त्या बाईच्या मधी कुठून आलास रे?"

मामा खिडकीबाहेर बघत उभे होते. आई पोटभर बोलली. साहेबांनी रिसीव्हर ठेवला. मग म्हणाले, "फोन बाईच उचलतील. यंत्र फक्त ऑफिस बंद झाल्यावर." मामा बाहेर आले आणि ताईंना एवढंच म्हणाले, "ताई, सायबाच्या आईचा फोन आला तर घाई करू नका."

आपली नोकरी जाता जाता राहिली, हे ताईंना पुढे कितीतरी दिवसांनी शिपायाकडून कळलं. त्या मामांशी भांडल्या. "मला आधी का नाही सांगितलं?" मामा म्हणाले, "सांगितलं असतं, तर तुमचा आवाज बसला असता."

निवृत्त होऊन मामा देवणीला गेले. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी, गुरांना चारा टाकताना, ते बसले ते उठलेच नाहीत.

आमच्या सर्व्हरवर एक सोय आहे. एक बटण दाबलं, की सगळ्या शाखांतल्या सगळ्या फोनमधून एकदम सूचना ऐकू जाते. सुमनताईंनी त्या दिवशी ते बटण दाबलं नाही. त्यांनी एकेका शाखेला वेगळा फोन लावला. माझ्या टेबलावरचा वाजला, तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, उभे असाल तर आधी बसून घ्या."