चौकच्या वळणावरची फांदी

तव्यावरची तिसरी भाकरी फुगायला लागली आणि दारावर थाप पडली. रहिमाने आधी दाराकडे पाहिलंच नाही. तिची नजर गेली मागच्या पडवीतल्या लाकडांच्या ढिगाकडे. ढीग जागच्या जागी होता, वरचं प्लास्टिकही हललेलं नव्हतं. मग तिने गॅस बारीक केला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि कडी काढली.

दारात मोरू पोलीसपाटील उभा होता. छत्रीतून पाणी गळत होतं. त्याच्या मागे तिशीतली एक बाई, कोपराला पांढरी पट्टी, पायात भिजून जड झालेले बूट. बाईची नजर रहिमाच्या खांद्यावरून घरभर फिरत होती.

"रज्जाकभाय हाय ना घरात, वैनी?"

"हायेत. परवापासून ताप हाय, पडलेत. आत ये की, मोरूभाऊ."

मोरू आत आला नाही. वीस वर्षं ईदचा शिरखुर्मा याच घरात बसून खाणारा, मागून आणखी एक वाटी घेणारा माणूस आज चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिला. रहिमाने एवढं पाहिलं आणि तिला उरलेलं कळलं.

"या संजना म्याडम," मोरू म्हणाला. "काल सकाळी त्या वळणावर गाडी फिरली ना, त्यांची. खालापूरच्या ठाण्यात तक्रार द्यायला निघाल्यात. मी बोललो, आधी घरी जाऊन विचारू."

"काय विचारणार?"

बाई पहिल्यांदा बोलली. आवाज हळू होता, पण धार होती. "रस्त्यावर तेल कोण टाकतं, ते."

रज्जाक टायरवाल्याला चौकमध्ये ओळखत नाही असा माणूस नव्हता. एकतीस वर्षं तो जुन्या हायवेच्या कडेला पत्र्याच्या टपरीत बसून टायर काढत, ठोकत, भरत आला होता. पोरवयात रसायनीच्या कारखान्यांबाहेर ट्रकची चाकं धुतली, मग एका बुजुर्ग उस्तादाकडून काम शिकला. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी तो त्याच्या चाकांकडे बघायचा. लग्न जमवायला आलेल्या पाहुण्यांच्या जीपकडे बघून त्याने रहिमाला आत येऊन सांगितलं होतं, "माणसं बरी हायेत, पण घाई लय करतात. पुढचे टायर एका बाजूनं खाल्लेत." ते स्थळ त्यांनी लेकीला केलं नाही. पुढे त्या मुलाचं जे ऐकलं त्यावरून रहिमाने नवऱ्याच्या या विद्येला हसणं सोडून दिलं.

असा हा माणूस. कमी बोलणारा, नखं कायम काळी.

पण गेले तीन आठवडे काहीतरी बिनसलं होतं. पावसाचा जोर वाढला तसा रज्जाक पहाटेची, फजरची नमाज झाली की घराबाहेर पडू लागला. टपरी उघडायला अजून दोन तास असायचे. हातात कोयता आणि इंजिन ऑइलचा पाच लिटरचा कॅन. पाऊण तासाने परत यायचा तो निथळत. "कुठं गेला होतात?" म्हटलं की, "जरा वळणापर्यंत." वळणावर काय आहे? एक धनेश शेठचा ढाबा, आणि समोर भातखाचरं.

रहिमा भांडणारी बाई नव्हती. बघत राहणारी होती. तिने कॅन बघितला. त्याचं तोंड सुरीने तिरकं कापून मोठं केलेलं होतं. तेलाच्या कॅनचं तोंड माणूस कशाला कापेल? भडाभडा ओतायला, नाहीतर कशाला? आणि मग विहिरीवर बायका बोलताना ती आली की बोलणं थांबू लागलं. गोदाने एकदा तोंडावरच म्हटलं, "तुजं बरं हाय गं बाय. गाड्या घसरल्या का तुज्या घरची चूल पेटते." सगळ्या हसल्या. रहिमाही हसली आणि रिकामीच कळशी घेऊन घरी आली.

पंक्चरवाले रस्त्यावर खिळे टाकतात, हे तर सगळा मुलूख बोलतो. तेल टाकतात हे नवीन होतं, एवढंच.

आणि काल. काल सकाळी साडेसातला वळणाकडून तो आवाज आला, लांबलचक, मग एकदम बंद झालेला. तापाने फणफणलेला रज्जाक गोधडीत उठून बसला. तोंडातून शब्द निघाले ते रहिमाने स्वतःच्या कानांनी ऐकले.

"माझ्यामुळं झालं गं हे."

मग तो भिंतीकडे तोंड करून पडला. दिवस मावळायच्या आत रहिमाने तो कॅन उचलला, आत न बघता, आणि लाकडांच्या ढिगाखाली सरकवला. नवऱ्यासाठी लपवला की नवऱ्यापासून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"तुमच्या मालकांना पहाटे त्या वळणावर वाकून काहीतरी करताना लोकांनी पाहिलंय," संजना म्हणत होती. "कॅन घेऊन. एकाने नाही, चौघांनी. माझी गाडी साधी नाहीये. स्पोर्ट्स कार आहे, जमिनीला चिकटून चालते. ती अशी फिरूच शकत नाही. एकदम स्टीअरिंग हलकं झालं, हातात काही उरलंच नाही. तेलाशिवाय असं होईल?"

"वैनी," मोरू खाली बघत म्हणाला, "तक्रार गेली का धनेश शेठ टपरीची जागा ठेवनार नाय. तुला ठाऊक हाय. जागा त्याची हाय. असंल काय तर आत्ताच सांग."

भाकरी जळाल्याचा वास आला. रहिमा आत गेली, भाकरी उतरवली, आणि तिथेच, हातात उलथनं घेऊन, तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. तीन आठवडे नवरा रोज वळणावर जात होता, त्या दिवसांत एक गाडी घसरली नव्हती. दोन घसरल्या त्या त्याआधी, मिरगाच्या पावसात. आणि तिसरी कालची. काल तर त्याला तिनेच घराबाहेर पडू दिलं नव्हतं. परवापासून तो या गोधडीतून उठलेला नाही.

तेल ओतणारा नसताना तेल पडलं कसं?

तरी तिला धीर होईना. हिशेब जुळला म्हणून माणूस स्वच्छ ठरत नाही. ती मागच्या पडवीत गेली, ढिगाखालून कॅन ओढला आणि श्वास धरून आत बोट फिरवलं. बोटाला लागला तो लाल चुरा. मुरूम. खरबरीत, सुकलेला. नाकाशी नेलं तर मातीचा वास.

लाल! रज्जाकची नखं काळी असतात, एकतीस वर्षं काळी. गेले तीन आठवडे ती कडेने लाल दिसत होती. तिने ते पाहिलं होतं, रोज ताट वाढताना पाहिलं होतं, पण मनात तेल भरलेलं, त्यात माती कुठून दिसणार?

तिने कॅन आणून मोरूच्या पायाशी ठेवला. "हा बघा तो कॅन. लोकांनी बघितला तो. घाला आत बोट. तेल लागलं तर मी स्वतः येते खालापूरला."

मोरूने बोट घातलं. मग संजनाने घातलं. दोघांची बोटं लाल झाली. तेवढ्यात आतल्या दाराशी खोकल्याचा आवाज आला. अंगावर गोधडी घेऊन रज्जाक उभा होता.

"म्याडम," तो म्हणाला, "गाडी फिरायच्या आधी इंजिन एकदम ओरडलं का?"

संजना चमकली. "हो. पाय तेवढाच होता, तरी आवाज वाढला."

"आनि मग ब्रेक मारलात."

"मारणारच ना!"

"चला," रज्जाक म्हणाला. "गाडी हाय ना अजून तिथंच? क्रेन यायच्या आत दाखवतो."

"ताप हाय तुमाला," रहिमा म्हणाली.

"तू पन चल."

वळणापर्यंत चौघं दोन छत्र्यांत गेली. लाल रंगाची बसकी गाडी कठड्याला नाक टेकून उभी होती. रज्जाक तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला, खिशातून काडेपेटी काढली आणि एक काडी गुलाच्या बाजूने टायरच्या खाचेत उभी धरली. काडीचं गुल खाचेच्या वर डोकावत राहिलं.

"अख्खं गुल आत बुडायला पायजे. ह्यो टायर कोरड्या रस्त्याचा. रुंद हाय, गुळगुळीत हाय, ऊन असताना रस्ता असा धरंल की बोलायला नको. पन पाऊस असताना?" तो रहिमाकडे वळला. "टोपात पानी भरलं आनि त्याच्यावर ताट ठेवलं तर काय होतं गं?"

"तरंगतं."

"आनि सुरी टाकली तर?"

"तळाला जाते."

"ट्रकचा टायर जड आनि अरुंद. सुरीसारका पानी कापून खाली रस्त्यावर जातो. खोल खाचेतून पानी बाहेर फेकतो. तुमचं ताट हाय, म्याडम. हळू गेलात तर पानी दबून बाजूला जायला वेळ मिळतो. ऐंशीनं आलात तर चाक पान्यावर चढतं. रस्ता खाली, गाडी वर, मधे पानी. म्हनून हात हलका लागतो. म्हनून इंजिन ओरडतं, चाकाला धरायला कायच नसतं. तवा ब्रेक मारायचा नाय. पाय हळूहळू उचलायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, गाडी आपसूक खाली बसते. आनि त्याच्याआधी, पुढच्या गाडीनं पानी कापून जी वाट केलीय तिच्यावरनं चालायचं. हवा पुरी भरायची. आनि पान्यात साठच्या वर जायाचंच नाय, कितीबी भारी गाडी असू दे."

इतक्या वर्षांच्या संसारात रहिमाने नवऱ्याला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"पण इतकं पाणी इथेच का?" संजनाने विचारलं.

रज्जाकने नुसतं ढाब्याकडे पाहिलं. मग रहिमालाच दिसलं. धनेश शेठने उन्हाळ्यात ढाब्यासमोर गाड्या लावायला मुरूम टाकून घेतला होता. पावसाने तो धुऊन रस्त्याकडेच्या गटारात उतरत होता. गटार भरलं की पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या खाचरात जायचं, वळणावर बोटभर जाडीचा पडदा घेऊन.

"म्हनून तुमी रोज..."

"मुरूम उपसायला. रस्त्याखालच्या त्या मोरीत फावडं चालत नाय, नुसत्या हातानं मुरूम निघत नाय. कॅन बरा." त्याने मान खाली घातली. "शेठला कोन सांगनार? टपरी त्याच्या जागेत. बोललो असतो तर टपरी उचल बोलला असता. गुपचूप काढत होतो. परवापासनं नाय गेलो, पानी चढलं. माझ्यामुळंच झालं ना ते."

रहिमाने त्याच्या खांद्यावरून घसरलेली गोधडी वर ओढली.

"आणि कोयता?" तिने विचारलं. विचारायचं म्हणूनच विचारलं. आता एकही गाठ ठेवायची नव्हती तिला.

"फांदी तोडायला. ट्रक बंद पडला की ड्रायवर मागं हिरवी फांदी टाकतात, म्हंजे येनारा हळू होतो. मी पन रोज करंजाची एक फांदी टाकायचो वळणाच्या अलीकडं. सांजच्यापर्यंत दिसावी म्हनून लाल चिंधी बांधायचो. पन राहायचीच नाय. तासाभरात गायब. कोन उचलतो, देव जाने."

मोरू इतका वेळ छत्रीच्या दांडीशी चाळा करत होता. आता त्याचा हात थांबला.

"लाल चिंधी," तो म्हणाला.

"हा."

"रज्जाकभाय... मी डेरीला दूध घालायला जातो तवा ती दिसायची. रोज सकाळी, वळणावर, हिरवी फांदी, लाल चिंधी. मला वाटलं कोनतरी उतारा टाकतंय. गावावर करनी करतंय. मी पायानं गटारात ढकलून..." छत्री रहिमाच्या हातात देऊन तो गटाराच्या काठावर बसला आणि मोरीच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला, कॅन पोचत नव्हता तिथवर.

एक फांदी आली. कुजलेली, पानं काळी पडलेली, टोकाला लाल चिंधी. मग दुसरी. मग एकात एक गुंतलेल्या चार. मोरूने अठरा फांद्या बाहेर काढल्या तेव्हा मोरीने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि रस्त्यावरचं पाणी एका बाजूला सरकू लागलं. त्यांच्या डोळ्यांसमोर काळा डांबरी रस्ता उघडा पडत गेला.

"निम्मं मी भरलं होतं गटार," मोरू म्हणाला. कपाळापर्यंत चिखल उडाला होता. "आनि वरनं चौघांना सांगत फिरलो, रज्जाक वळणावर काय करतो बघा."

"पयला कोन बोलला ते पन कळलं," रहिमा म्हणाली. "बरं झालं. आता पुढच्या ईदला दुसरी वाटी मागताना आधी हात धुऊन ये."

मोरू हसला नाही. रज्जाक मात्र हसला, खोकत खोकत.

संजनाने पर्समधून तक्रारीचा घडी घातलेला कागद काढला, बघितला, पुन्हा आत ठेवला. "तक्रार मी देईन," ती म्हणाली, "पण गटाराची देईन. माझ्या नावावर. तुमचं नाव येणार नाही." मग थोडं थांबून, आवाज उतरवून, "मी तुमच्या घरात चोर शोधत होते. त्याचं मी काय करू? सांगा. काहीही मागा."

"मला काय नको, म्याडम. टायर बदला."

"आनि माझ्याकडनं?" मोरूने विचारलं. त्याच्या आवाजात असा काही कोंडमारा होता की रहिमाने नजर वळवली. "माग रं कायतरी. त्याबिगर मला घरी जाववनार नाय."

रज्जाकने गोधडी खांद्यावर सारखी केली. रस्त्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. खोपोलीच्या बाजूने पुढची सर येत होती.

"मोरू," तो म्हणाला, "उद्यापासनं ती फांदी उचलू नको."