खातूनचाचींना दिसलेला बाण

शिरूरच्या बाजारात खातूनचाची तीस वर्षं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या विजेच्या मोटारींत तांब्याची नवी तार भरत होत्या. एका दुपारी शेजारची ज्ञानेश्वरी कॉलेजातून लॅपटॉप घेऊन आली. तिनं पडद्यावर काढलेल्या मोटारीच्या तिन्ही कॉईलना थ्री-फेजचं एसी व्होल्टेज लावलं आणि वेग अगदी संथ केला. मधोमध एक बाण गोल फिरू लागला.

"चाची, हा बाण म्हंजे तिन्ही कॉईल मिळून मोटारीत तयार हुनारं चुंबक. डोळ्यांना दिसत न्हाई ते."

चाची बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिन्हीतल्या दोन वायरी अदलाबदल कर. उलटं फिरंल."

ज्ञानेश्वरीनं तसं केलं. बाण खरंच उलटा फिरला.

"या अल्ला! एवढी वर्षं माझ्या हाताखाली हे फिरत व्हतं?" चाचींचे डोळे भरून आले.