उंबऱ्यावरचा मुलगा

भुतंखेतं, चकवा, करणी, दृष्टान्त... या गोष्टी मी आजवर फक्त दुसऱ्यांना घाबरवायला वापरल्या आहेत. आमच्या कंपाउंडमध्ये कुणाच्या खिडकीवर टकटक झाली, की लोक आधी माझ्या घरी फोन करून विचारतात, "वहिनी, ते घरात आहेत ना?" त्यामुळे या सदरात माझा अनुभव वाचून ओळखीचे लोक पोट धरून हसतील. हसू देत. मीही हसलो असतो.

जागा सांगतो. सौदीच्या पूर्वेकडचं अल-खोबर. मी मूळचा सांगलीचा, वय पन्नाशीच्या पुढे, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर मेंटेनन्समध्ये. रोज कंपनीच्या बसने जाऊन-येऊन. बायको वर्षा इथल्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी कामगारांच्या वसाहतीत, दहा-बारा मराठी घरं आणि एक हॉल आहे — टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलं की ते थिएटर!

महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी, जेवणं झाली की तिथे माझा खेळ असतो. खेळ असा, की मी एखादा परदेशी सिनेमा लावतो, त्याचा आवाज बारीक करतो, आणि कराओकेचा माइक घेऊन सगळ्या पात्रांची वाक्यं एकटाच मराठीत बोलतो. नायक मी, नायिका मी, कुत्रासुद्धा मीच. बहुतेक वेळा मूळ संवादांशी माझा संबंध नसतो. एका कोरियन खूनपटाला मी सोसायटीच्या पार्किंगचं भांडण करून टाकलं होतं. खुनी म्हणजे सेक्रेटरी. लोक अजून त्याची फर्माईश करतात.

पण ज्या खेळाबद्दल सांगतोय, त्या वेळी मी ठरवलं, एकदा तरी इमानदारीने करायचं. त्याला कारण मिहाई. हा माझा प्लांटवरचा सहकारी, रोमानियाचा, कॉम्प्रेसरचा इंजिनिअर. त्याने एक रोमानियन सिनेमा दिला. त्यात त्याची चुलत बहीण नर्सच्या कामात आहे — दोन वाक्यं बोलते आणि सलाइन लावून निघून जाते. तेवढ्यासाठी हा गृहस्थ तो सिनेमा कितीदा तरी बघून बसला होता. सिनेमाचं नाव विचारू नका, मला ते उच्चारता येत नाही. त्याच्यासोबत बसून मी पूर्ण बघितला. तो इंग्रजीत सांगत गेला, मी मनात मराठी जुळवत गेलो.

गोष्ट साधी. एक आई, तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा खूप आजारी. शहरातले डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करू. आई घाबरते. शेवटी ती त्याला ब्लँकेटात गुंडाळते आणि बसने आपल्या गावी घेऊन जाते. गावात बर्फ. शेवटच्या प्रसंगात सकाळी घराचं दार उघडतं आणि आई एकटीच बाहेर येते. हातात मुलाचा धुतलेला लाल स्वेटर. तो ती अंगणातल्या दोरीवर वाळत घालते. मागे दार उघडंच, आत अंधार. खलास. एक शब्द नाही. मुलगा गेला, हे आपण आपलं समजायचं.

शुक्रवारी हॉल भरला. मिहाईसुद्धा आला होता, बिर्याणीच्या वासाने. त्याला मराठीचा म पण येत नाही. पहिला अर्धा भाग उत्तम झाला. मी जीव ओतून बोलत होतो. पुढे बसलेली एक चिमुरडी मात्र वैतागली, "अंकल, धिस इज सो सॅड. पार्किंगवाला लावा ना!"

एवढ्यात मागचं दार उघडून वर्षा आत आली. ड्यूटीचेच कपडे, आणि बरोबर एक अनोळखी बाई. तिशीची असेल, ओढणी डोक्यावर घट्ट, चेहरा असा की कुणीतरी सगळं रक्त काढून घेतलंय.

चहाची सुट्टी झाली तेव्हा वर्षाने मला कोपऱ्यात ओढलं.

"ही नसीमा. दापोलीकडची. हिची सना आमच्या वॉर्डात आहे, पाच वर्षांची. हृदयाचा दोष आहे. बाई पोरीच्या उशापासून हलत नव्हती, नवऱ्याला तिथे बसवून जबरदस्तीने आणलंय, दोन घास खायला. आणि तुम्ही नेमकं हे लावलंत!"

"मला काय माहीत? बंद करतो."

पण नसीमा आमच्यामागे येऊन उभी होती. "नको भाऊजी, बंद नका करू. मला बघायचंय. त्याचं पुढे काय होतं ते."

ती खुर्चीकडे गेल्यावर वर्षाने हळूच विचारलं, "काय होतं पुढे?"

"जातो."

"मग नाही जायचा! तुम्ही एरवी वाट्टेल ते करता ना? बदला शेवट."

आता, मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. डॉक्टर सनाचं ऑपरेशन इथेच, लवकर करायचं म्हणत होते. विमानप्रवास तिला झेपणार नाही असंही बजावत होते. आणि नसीमा अडून बसली होती — पोरीला कापू देणार नाही, मला गावी जायचंय, आईकडे. विमानाची तिकिटं काढून झाली होती. नवरा बिचारा कधी डॉक्टरांचं ऐकायचा, कधी तिचं. हे वर्षाला माहीत होतं, पण सिनेमातली आई काय करते ते तिला माहीत नव्हतं. मला सिनेमा माहीत होता, नसीमा माहीत नव्हती. एका घरात राहणारी दोन माणसं, आणि एवढीशी गोष्ट एकमेकांना सांगायची राहून गेली.

यल्ला, चला, दुसरा भाग सुरू! आई मुलाला ब्लँकेटात गुंडाळून हॉस्पिटलच्या जिन्याने उतरते. मी आता मोकाट सुटलो होतो. "चल माझ्या राजा! आपल्या विहिरीचं पाणी पोटात गेलं की बघ कसा टुणटुणीत होतोस! या डॉक्टरांना काय कळतंय?"

हॉलमध्ये हशा. मागच्या रांगेत नसीमा पुढे वाकून बसली. मान हलवत होती — हो, हो, असंच.

तिच्या शेजारी वर्षाने हात हलवायला सुरुवात केली. आधी एक, मग दोन्ही. मला वाटलं, म्हणतेय, "आणखी गोड करा." मी आणखी गोड केलं. बसमध्ये मुलगा खिडकीला डोकं टेकून निपचित पडलेला, आणि मी त्याच्या आवाजात, "आई, मला भूक लागली!" वर्षाने कपाळावर हात मारला. मला वाटलं, भरून आलंय तिला.

आणि मग तो शेवट. सकाळ. बर्फ. दार उघडलं, आई बाहेर आली, हातात लाल स्वेटर. मी आवाज अगदी मऊ केला. "झोपलाय अजून. ताप उतरला पहाटे. उठला की हाच स्वेटर मागेल, म्हणून धुऊन टाकला."

बघा, चित्र तेच होतं. बदलले होते फक्त शब्द. मी स्वतःवर खूश होतो!

आई स्वेटर झटकते. दोरीवर टाकते. मागे ते उघडं दार, आतला अंधार...

आणि त्या अंधारातून मुलगा बाहेर आला.

उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. अनवाणी, एक हात चौकटीला. बर्फाचा उजेड डोळ्यांत गेला म्हणून त्याने चेहरा आक्रसला. आईने वळून त्याच्याकडे पाहिलं. पडदा काळा झाला.

टाळ्या पडल्या. माइक माझ्या हातात तसाच. टाळ्यांना वाकून मुजरा करायचंही मी विसरलो, आणि हे माझ्या बाबतीत किती दुर्मीळ आहे ते आमच्या कंपाउंडला विचारा.

लोक उठले. वर्षा तरातरा आली आणि दातओठ खात कुजबुजली, "हातवारे कळत नाहीत का तुम्हाला? पोरीला उचलून गावी न्यायला निघालीय ती! तिकिटं काढलीत! डॉक्टर नको नको म्हणतायत, आणि तुम्ही... विहिरीचं पाणी!" आणि नसीमाला हॉस्पिटलात सोडायला ती निघूनही गेली.

मी माइक बंद केला. एका पाच वर्षांच्या मुलीच्या जिवाशी मी टाळ्यांसाठी खेळलो होतो.

हॉल रिकामा झाला तरी मिहाई उभाच होता. हातातल्या बशीत रायता तसाच.

"ही कॉपी तुला कुठे मिळाली?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"तूच दिलीस. तुझाच पेन ड्राइव्ह आहे."

"पण तो मुलगा... तो शेवटी नाहीये. तो मेलेला असतो."

"मग तुलाही दिसला?"

त्याने रिमोट घेतला. मागे नेलं, शेवटचा प्रसंग पुन्हा लावला. दार. आई. स्वेटर. दोरी. उघडं दार, आत अंधार. बराच वेळ नुसता अंधार. मग काळा पडदा. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी लावून पाहिलं, लॅपटॉपवर लावून पाहिलं. कुणी नाही. मिहाईने छातीवर क्रॉस केला. एरवी कॉम्प्रेसर आणि आपली बहीण सोडून तो कशावर विश्वास ठेवत नाही.

मी स्वतःला समजावलंही असतं. मी बोललो म्हणून लोकांना तसं दिसलं असेल. शब्दांत तेवढी जादू असते, मीच नेहमी सांगतो. पण मिहाईचं काय? त्याला माझं एक अक्षर कळत नव्हतं. आणि मुळात मी, "झोपलाय अजून" म्हणालो होतो. उठून बाहेर ये, असं मी कुठे म्हणालो होतो?

मी वर्षाला फोन लावायचं धैर्य गोळा करत होतो, तेवढ्यात तिचाच आला. आवाज विचित्र.

"अहो, ती ऑपरेशनला तयार झाली."

"काय?"

"वॉर्डात शिरल्या शिरल्या नवऱ्याला म्हणाली, तिकिटं रद्द करा. मी विचारलं, का गं, आत्ताच तर... तर म्हणते, ताई, घरी नेऊन त्या बाईचं पोर गेलं ना."

ऑपरेशन झालं. ते दिवस आम्ही सगळ्यांनी कसे काढले, ते इथे लिहीत नाही. पण सना वाचली. आता शाळेत जाते, आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत भांडते.

दरम्यान मी त्या दुपारच्या सगळ्यांना एकेक करून विचारलं. मुलगा सगळ्यांना दिसला होता. कुणी म्हणालं टोपी होती, कुणी म्हणालं नव्हती. पोरं तर मलाच वेड्यात काढत होती, "अंकल, ऑफ कोर्स तो आला बाहेर!"

नसीमाला विचारायचं मात्र मी टाळत राहिलो. मग एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी न राहवून विचारलंच, "नसीमा, त्या दिवशी सिनेमाच्या शेवटी दारात मुलगा येऊन उभा राहिला... तो दिसला नाही तुला?"

"कुठला मुलगा?" तिने वर पाहिलं. "ती बाई एकटीच तर होती. आणि तुम्हीपण गप्प झालेलात भाऊजी, स्वेटर बघून. मी म्हटलं, भाऊजींचा गळा भरून आला वाटतं."

म्हणजे माझे ते शेवटचे शब्दही तिच्यापर्यंत पोचले नव्हते! माइक हातात, स्पीकर चालू, हॉल शांत... आणि मागच्या रांगेत तिला काही ऐकू आलं नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. काय बोललो, आम्हाला सगळ्यांना काय दिसलं, आणि नंतर लावल्यावर काय दिसलं. ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी तिने उलटली, कडा दाबल्या, ती फुगेपर्यंत थांबली.

"तुमच्यातल्या कुणाचं पोर आजारी होतं का हो तेव्हा?"

"नाही."

"मग!" ती म्हणाली, आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.

तिच्या लेखी विषय तिथे संपला. माझ्या लेखी संपलेला नाही. असं का झालं असेल याचं उत्तर माझ्याकडे नाही, मिहाईकडे नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त एवढं लक्षात घ्या, की गोड शेवट आम्हा सगळ्यांना दाखवला गेला, आणि तो जिला दाखवायचा म्हणून मी रचला होता, तिच्यापर्यंत मात्र कुणीतरी पोचू दिला नाही.